पाच खाचांचं पॅकिंग

१

"शेगड्याची किंमत करायला बाई आणली. उद्या घणाची नाडी बघायला डॉक्टर आणतील."

हे माझ्या पाठीमागे, हातभर अंतरावर, पुटपुटलं गेलं. मी खाली वाकून शेगड्याचा, म्हणजे लोखंड आवळून धरणाऱ्या लोहारी पकडीचा, पाय तपासत होते, आणि वाकलेल्या बाईला ऐकू येत नाही अशी पुष्कळ पुरुषांची समजूत असते.

"नाडी मीच बघीन," मी न वळता म्हटलं. "आणा तो घण इकडे."

पुटपुटणं थांबलं. वळून पाहिलं तर रुंद खांद्यांचा, पांढऱ्या मिशांचा एक माणूस कोळशाच्या पाटीशी उगीच खुडबुड करत होता. त्याला सगळे घणकाका म्हणत. तीस वर्षं तो मिस्त्रींच्या समोर उभा राहून घण मारत आला होता. आता मिस्त्री नव्हते. चार महिन्यांपूर्वी याच लोहारशाळेत, याच शेगड्यापाशी ते गेले.

झालं ते असं. तापवलेली सळई शेगड्यात उभी आवळलेली होती. मिस्त्री सांडशीनं तिचं वरचं टोक वाकवत होते, सगळं अंग टाकून मागे ओढत होते. सळई सुटली. मिस्त्री पाठीवर कोसळले आणि डोकं ऐरणीच्या कोपऱ्यावर आपटलं. त्या दिवशी शेगडा आवळला होता त्यांच्या धाकट्या मुलीनं. पोलिसांनी कागदावर अपघात लिहिला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मनात वेगळं लिहिलं: पोरीनं नीट आवळला नाही. आणि घरच्यांपैकी कुणी ते खोडलं नाही.

मला बोलावलं होतं मिस्त्रींच्या थोरल्या मुलानं. तो कारखान्यात वेल्डर. शेगडा विकायचा होता, आणि घेणाऱ्या हौशी माणसाला लेखी अहवाल हवा होता: वस्तू किती जुनी, किती धड. हे काम मी वीस वर्षं करते. शिक्षण म्हणाल तर नवऱ्याचं भंगाराचं दुकान. वितळायला निघालेल्या ढिगातून चांगलं हत्यार बाजूला काढता काढता डोळा तयार झाला, एवढंच.

थोरल्यानं मला दाराबाहेर बोलावलं. आवाज खाली आणला.

"ताई, एक विनंती होती. लिहिताना स्क्रूचे आटे गेलेत असं लिहा. धरत नाही, निसटतो, असं काहीतरी."

विकणारा माणूस स्वतःच्याच वस्तूला नावं ठेवायला सांगतोय, हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

"अहो, मग तो घेणार नाही."

"नको घेऊ दे. भंगारात जाऊ दे. पण तसं लिहा."

"आणि आटे चांगले निघाले तर?"

त्यानं घराच्या ओसरीकडे पाहिलं. तिथे एक मुलगी बॅगेत कपडे भरत होती, एकेक कपडा दोनदा घडी घालत.

"तर बघू नका, ताई," तो म्हणाला.

२

न बघायला मी आले नव्हते.

लोहाराचा पायाचा शेगडा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. बाकावरच्या साध्या शेगड्याला पाय नसतो. याला असतो, छातीपासून जमिनीपर्यंत. दोन जबडे, त्यातला मागचा खाली लांबत जाऊन जमिनीत रोवलेला. लोहार तापलेल्या लोखंडावर घाव घालतो तेव्हा तो घाव स्क्रूवर थांबत नाही, पायातून खाली जमिनीत उतरतो. म्हणून हा शेगडा मार खातो, पिढ्यान् पिढ्या खातो, आणि तुटत नाही.

हा फार जुना होता. ओतीव नव्हे, घडीव. बाकाला धरणारी पट्टी बोल्टांनी नाही, पाचरींनी बसवलेली. पायाच्या कडा आठ पैलूंत घासलेल्या, कुणी तरी सवडीनं, हौसेनं. पायाचं टोक फरशीतल्या दगडाच्या वाटीत बसलेलं. ती वाटी इतकी गुळगुळीत झाली होती की मला तिथे बोट फिरवावंसं वाटलं आणि मी फिरवलंही.

मग तपासणी. छोट्या हातोडीनं प्रत्येक भागावर टकटक केली. तडा असला की लोखंड बद्द बोलतं. हे शेवटपर्यंत खणखणीत बोललं. स्क्रू काढला, आटे पुसले, नखानं चाचपले. धारदार, भरीव. स्क्रू ज्यात फिरतो त्या पेटीतलेही तसेच. जबड्यांत कागदाची पट्टी धरून स्क्रूचा दांडा फिरवला आणि पट्टी ओढली. फाटली, पण सुटली नाही. डावीकडे फाटली, मधे फाटली, उजवीकडे फाटली.

शेगडा निर्दोष होता. आवळला तर धरणारच होता.

वहीत एवढंच लिहायचं होतं, पण पेन उचललं आणि ओसरीवरची ती दोनदा घातलेली घडी आठवली. हे वाक्य कागदावर उतरलं की शेजाऱ्यांच्या मनातलं माझ्या सहीनं पक्कं होणार होतं.

वही मिटताना जबड्याच्या वरच्या कडेवर नजर गेली. तिथे हातोड्याच्या खोल खुणा होत्या, दहाबारा. जुन्या नव्हत्या, अजून कडा बोचत होत्या. चाळीस वर्षं हात बसलेला मिस्त्री लोखंड सोडून शेगड्यावर घाव घालत नाही. शिकाऊ माणूस घालतो.

"ह्या धाकटीच्या का?" मी घणकाकांना विचारलं.

"तिनं शेगड्यावर हातोडा कधी उचललाच नाही," ते म्हणाले. आणि बोलून गेल्यावर मिशी चावली.

३

धाकटी ओसरीवर बॅगेच्या चेनशी झगडत होती. सोमवारपासून ती मावशीच्या गावी कापडदुकानात उभी राहणार होती. तिच्या दोन्ही मनगटांवर ठिणग्यांचे बारीक डाग होते. या हातांनी आता रोज साड्या उलगडायच्या.

"तुम्हीपण तेच विचारणार ना? किती आवळलास म्हणून?"

"विचारणार."

"दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळले. पाय उचलले होते जमिनीवरून. बाबा हसले, म्हणाले, माकडा, पुरे." तिनं चेन सोडली. "शेवटचं तेवढंच बोलले. आणि मग सुटलीच ना सळई? म्हणजे माझ्यात तेवढा जोर नाही. दुसरं काय?"

"किती वर्षं शिकतेस?"

"दीड. आधी परगावी होस्टेलला होते. परत आले आणि सांगितलं, मला भट्टीवर काम करायचंय. दादा आधीच वेल्डिंगला गेलेला. आई रडली. बाबांनी फक्त विचारलं, पहाटे उठशील का."

"त्या दिवशी आवळण्याआधी काय झालं, ते क्रमानं सांग."

"सळई बाबांनी लावली. लांब होती, म्हणून उजव्या कडेला. मधे स्क्रू येतो ना, उभी लांब सळई मधून जातच नाही. मग डाव्या कडेला पॅकिंग लावलं."

हे मला माहीत होतं. एकाच कडेला काही धरलं तर जबडे तिरपे होतात, म्हणून दुसऱ्या कडेला तेवढ्याच जाडीचा लोखंडी तुकडा घालतात. त्यालाच पॅकिंग म्हणतात.

"पॅकिंग कोण निवडायचं?"

"बाबाच. त्याला मी हात लावायचा नाही, बघायचंसुद्धा नाही, तसा नियमच होता. माझी जागा दांड्यापाशी. जबडे नुसते टेकवायचे, मग बाबा त्यांच्या बाजूनं वाकून उजेड बघायचे."

"उजेड?"

"सळई आणि जबड्यात फट राहिली तर पलीकडचा उजेड दिसतो. केसाएवढी असली तरी. त्या दिवशीही वाकले, बघितलं, म्हणाले, आवळ." तिनं चेन एकदाची ओढली. "त्यांचं सगळं त्यांनी बघून दिलं होतं, ताई. राहिलं होतं ते फक्त माझं."

खरं बोलणाऱ्या माणसाची गोष्ट इतकी नीटनेटकी नसते. आणि ही तर खरं बोलत होती. मग नीटनेटकेपणा कुणाचा होता?

४

ओसरीवरून लोहारशाळेकडे येताना दोरी माझ्या कमरेला घासली. जातानाही घासली होती. स्वयंपाकघराच्या दारापासून लोहारशाळेच्या खांबापर्यंत ताणून बांधलेली, कमरेएवढ्या उंचीवर.

मिस्त्रींची बायको दारात उभी होती. काकू दुपारपासून तिथेच होत्या, आत जाण्याचं कारण आणि बाहेर येण्याचं धाडस दोन्ही नसल्यासारख्या.

"काकू, ही दोरी कशाची?"

"कपडे वाळत घालते."

"भट्टीच्या धुरात? आणि कमरेला?"

काकूंनी पदर खांद्यावर ओढला. "जागा नाही दुसरीकडे," म्हणाल्या. दुसरीकडे, मागच्या अंगणात, ऊन पसरलं होतं आणि वर एक तार होती, चिमट्यांसकट.

मी दोरी हातात धरली. वरची बाजू काळी आणि तेलकट झाली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ओल्या कपड्यांनी दोरी काळी होत नाही.

लोहारशाळेत पॅकिंगचे तुकडे भिंतीच्या खिळ्याला, तारेच्या कडीत ओवलेले होते. नऊ तुकडे. प्रत्येकाच्या कडेला कानशीनं खाचा घातलेल्या: एकाला एक, दुसऱ्याला दोन, असं नऊपर्यंत. जितक्या खाचा तितके सूत जाडी. आठ सुतांचा एक इंच, हा हिशेब लोहाराच्या घरात मुलं पाढ्यांच्या आधी शिकतात. तुकडे जुने होते, गंजून तपकिरी झालेले. खाचा मात्र आतून अजून पांढुरक्या.

तीस-चाळीस वर्षं हाताळलेल्या नऊ तुकड्यांवर दोनएक वर्षांपूर्वी कुणाला आकडे घालावेसे वाटले?

आठ तुकड्यांवर जबड्याच्या दातऱ्यांचे पुसट ठसे होते. पाच खाचांच्या तुकड्यावर ते ठसे खोल रुतले होते, दोन्ही बाजूंनी, ओल्या मातीत पाऊल रुतावं तसे. एवढा दाब या एकट्यावर कधी तरी आला होता. दांड्याला लोंबकळल्यासारखा दाब.

थोरला मागे येऊन उभा राहिला होता.

"या खाचा कुणी घातल्या?"

"मी. बाबांनी सांगितलं, घालून दे."

"का?"

"मी विचारलं नाही."

"विचारावंसं वाटलं नाही?"

"वाटलं ना!" तो एकदम चढ्या आवाजात बोलला आणि लगेच ओसरीकडे बघून खाली आला. "वाटलं म्हणूनच नाही विचारलं."

"त्या दिवशीची सळई कुठे आहे?"

"कुणास ठाऊक. गडबडीत गेली कुठेतरी."

"गेली नाही," कोळशाच्या पाटीमागून घणकाका म्हणाले. "माझ्याकडे आहे."

५

पोत्यात गुंडाळून, पाटीच्या तळाशी ठेवली होती. वर कोळसा, रोज ताजा. कुठल्यातरी जुन्या खिडकीचा गज, सरळ करून पुन्हा वापरायला घेतलेला. वरचं टोक अर्धवट वाकलेलं. वाकायचं होतं तिथवर पोचलं नव्हतं.

जिथे जबड्यानं धरायला हवं होतं तो भाग मी खिडकीपाशी नेऊन पाहिला. मग चष्मा बदलून पाहिलं. दातऱ्यांचा एकही रुतलेला ठसा नाही. एका बाजूला फक्त घासल्याची रेघ.

जाडी मोजायचा कॅलिपर लावला. पाच सुताला केसभर कमी. जुना गज पावसापाण्यानं गंजतो, घासला जातो, आणि अंगानं बारीक होतो, आपल्या उलट.

"काका, का लपवून ठेवलीत?"

"लपवली कुठे? ठेवली."

"बरं, ठेवली. त्या दिवशी किती तापवली होती ते दाखवाल का? ही नको, दुसरा तुकडा घ्या."

बहुतेक त्यांना हातांना काम मिळालं म्हणून बरं वाटलं. भट्टी पेटली. एका हातानं पंखा फिरवत, दुसऱ्या हातात सांडशी धरून, ते निखाऱ्यांकडे टक लावून उभे राहिले. काही वेळानं त्यांचे ओठ हलू लागले. मला वाटलं पुन्हा माझ्यावरच तोंडसुख चाललंय. मी जवळ सरकले.

"काळी... काळीच... लाल धरतेय... चेरी... केशरी आली, केशरी... आता."

"आता" जरा मोठ्यानं म्हणाले. आणि सांडशी उजवीकडे पुढे केली, रिकाम्या जागेत, जिथे ती घ्यायला कुणी नव्हतं.

"काका," मी हळूच विचारलं, "रंग कुणाला सांगताय?"

तुकडा हवेत तसाच राहिला. पंखा थांबला. केशरी रंग आमच्या डोळ्यांदेखत लाल झाला, मग काळा.

तीस वर्षं ज्याच्या समोर घण मारला तो माणूस रंग बघून लोखंड ओळखणारा होता. लोहाराला रंग सांगावा लागत नाही. रंग दिसणं म्हणजेच लोहार असणं.

"सवय आहे," घणकाका म्हणाले. त्यांच्या मिशीवर काजळी होती आणि काजळीवर पाणी.

६

मी सगळ्यांना लोहारशाळेत बोलावलं. काकू उंबऱ्यापर्यंत आल्या. धाकटी सगळ्यात शेवटी. चार महिन्यांत ती आत आली नव्हती. ऐरणीला वळसा घालून, भिंतीला पाठ घासत आली.

"माझं काम शेगड्यापुरतं आहे," मी म्हटलं. "तेवढंच दाखवते. धाकटे, दांड्यापाशी ये."

"नको."

"एकदाच. मग सोमवारी खुशाल जा."

ती आली. मी तो खिडकीचा गज उजव्या कडेला उभा लावला. डाव्या कडेला पाच खाचांचं पॅकिंग. "आवळ. त्या दिवशी आवळलास तसा."

तिनं दांडा फिरवला. दोन्ही हातांनी लटकली. पाय जमिनीवरून सुटले. शेगडा कण्हला आणि घट्ट बसला. थोरल्याला म्हटलं, तुम्ही बघा. त्यानं दांड्यावर जोर लावला, शिरा फुगल्या, दांडा सूतभर हलला नाही. वेल्डरचे हात होते ते.

मग मी दोन हातांनी गज धरला आणि मागे ओढला. माझ्या या हातांनी, जे डब्याचं झाकणसुद्धा फडक्यानं उघडतात. गज सरकला, वर आला, आणि माझ्या हातात राहिला.

मी तो सगळ्यांना दिसेल असा धरला.

"शेगडा निर्दोष आहे," मी म्हटलं. "आवळणं निर्दोष आहे. फक्त आवळलं गेलं ते पॅकिंग. ते गजापेक्षा केसभर जाड आहे. सगळा जोर त्यानं खाल्ला, त्याच्यावर ठसे आहेत. गजावर नाहीत. गज नुसता टेकलेला होता. उभा राहण्यापुरता धरलेला, ओढण्यापुरता नाही. धाकटे, तू आणखी दहा माणसं दांड्याला लटकवली असतीस तरी सुटलाच असता."

ती माझ्याकडे नाही, गजाकडे बघत होती. मग तिनं तो माझ्या हातातून घेतला, परत जबड्यात लावला, दांडा सैल करून जबडे नुसते टेकवले, आणि पहिल्यांदाच पलीकडे, वडिलांच्या जागेवर जाऊन उभी राहिली. वाकली. एक डोळा मिटला.

गज आणि जबडा यांच्यामध्ये खिडकीचा उजेड होता. मी उभी होते तिथूनही दिसत होता. बारीक, सरळ, पांढरा. भट्टीत रंग ओळखणाऱ्या डोळ्याला तर तो दिवा लावल्यासारखा दिसायला हवा होता.

"पण बाबांनी बघितलं होतं," ती वाकलेलीच राहून म्हणाली. "माझ्यासमोर. असेच वाकले होते. बघून म्हणाले, आवळ."

घणकाका निखारे उगीच चाळवत राहिले. थोरल्यानं पॅकिंगची कडी हातात घेतली आणि अंगठ्यानं खाचा मोजू लागला, एक, दोन, तीन, चार, पाच, पुन्हा एकपासून. त्यानं घातलेल्या खाचांनी पाच सांगितलं होतं, आणि मिस्त्रींच्या अंगठ्यानं त्यावर विश्वास ठेवला होता. जबड्यावरच्या खुणा, ती काळी पडलेली दोरी, रिकाम्या जागेला सांगितलेले रंग. मला सगळं बोलता आलं असतं. वही उघडी होती, पेन हातात होतं. पण ते माझ्या तोंडून ऐकण्याचं त्या मुलीचं काही कारण नव्हतं. मी वही मिटली.

"काका?" धाकटी म्हणाली. "त्यांनी बघितलं होतं ना? तुम्ही भट्टीपाशी होतात."

काकांनी मान खाली घातली.

"दादा?"

"तू सामान भर," थोरला म्हणाला. "उशीर होतोय." आज शुक्रवार होता.

तेव्हा काकू उंबरा ओलांडून आत आल्या. दोरी जिथे संपत होती त्या खांबाला त्यांनी हात लावला, सवयीनं, जणू तिथे कुणाचा हात सोडवून घ्यायचा आहे.

"तुला तेवढं कळू द्यायचं नाही, असं म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "तिला कळलं तर ती माझ्याकडे बघत बसेल, म्हणाले, लोखंडाकडे नाही बघायची. मग शिकणार कशी? म्हणून तो नियम केला, पॅकिंगकडे बघायचं नाही म्हणून."

"काय कळू द्यायचं नाही, आई?"

काकूंनी थोरल्याकडे पाहिलं, मग घणकाकांकडे. दोघांपैकी कुणी मान वर केली नाही, आणि कुणी थांबवलंही नाही.

"दिसत नव्हतं गं त्यांना. माणसाचा आकार कळायचा, बारीक काही नाही. दोन वर्षं. तू घरी यायच्या आधीपासून. आणि आम्हा तिघांना माहीत होतं."